घरमालक कोण? तीन खोल्यांत बसलेला ऑर्केस्ट्रा एका खोलीत आणायचं प्रकरण

पार्श्वभूमी

गेल्या उन्हाळ्यातलं प्रकरण आहे. माझा एक संगीतकार मित्र आहे, इथे त्याला बंड्या म्हणू. तो पुण्यात टू-बीएचकेच्या एका बेडरूममधून काम करतो, जाहिराती, एकांकिका, कधीमधी एखादी वेबसिरीज. त्याला २४ मिनिटांची एक शॉर्टफिल्म मिळाली, कोकणातल्या बंद पडलेल्या शाळेची गोष्ट, आणि दिग्दर्शिका ताईंना "खरा ऑर्केस्ट्रा" पाहिजे होता. अजय-अतुल यांनी २०१६ च्या 'सैराट'साठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर (स्कोअरिंग स्टेज म्हणजे सिनेमाचं संगीत रेकॉर्ड करायचा मोठा हॉल) सिम्फनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला आणि तेव्हापासून मराठीत ही मागणी जरा जास्तच ऐकू येते असं माझं निरीक्षण आहे. मागणीत चूक काही नाही, फक्त बंड्याचं बजेट सोनी स्टेजच्या पार्किंगलासुद्धा पुरलं नसतं.

तर मग लायब्रऱ्या, म्हणजे खऱ्या वादकांचे एकेक सूर (सँपल) रेकॉर्ड करून ठेवलेले असतात आणि आपण कीबोर्डवरून ते वाजवतो. एकूण संगीत ११ मिनिटांचं, ७ क्यू (प्रसंगाप्रमाणे तुकडे), रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये सेशन, १६ जीबी रॅमचा लॅपटॉप जो स्ट्रिंग्ज (तंतुवाद्यं) लोड केल्या की इस्त्रीसारखा तापायचा. आणि माल आला होता तीन ठिकाणांहून. स्ट्रिंग्ज आणि ब्रास (पितळी वाद्यं) एका वेट लायब्ररीतले, म्हणजे मोठ्या हॉलमध्ये वादक आपापल्या जागी बसवून, हॉलच्या आवाजासकट रेकॉर्ड केलेले. ओबो, क्लॅरिनेट, बासरी ही वुडविंड्स एका ड्राय लायब्ररीतली, तिथे खोलीचा आवाज जवळजवळ नाहीच. आणि सोलो व्हायोलिन खरं. हिंदुस्थानी पद्धतीने वाजवणाऱ्या एका ताईंनी बंड्याच्याच बेडरूममध्ये, कपाटावर आणि खिडकीवर गोधड्या टांगून, पंखा बंद करून, भर मे महिन्यात वाजवलेलं. एका चांगल्या टेकमध्ये शेजारच्या कुकरची शिट्टी आहे, तो टेक बाद करताना दोघांच्याही डोळ्यात पाणी आलेलं.

लायब्रऱ्या कुठे रेकॉर्ड होतात याला फार महत्त्व असतं. लंडनचं एअर लिंडहर्स्ट म्हणजे एक जुनं षटकोनी चर्च, बर्लिनचं टेलडेक्स, लंडनचंच मेडा व्हेल, या रेकॉर्डिंगच्या जागांचा आवाज त्या त्या सँपलमध्ये मुरलेलाच असतो, लोणच्यातल्या मिठासारखा. उलट व्हिएन्ना सिम्फॉनिक लायब्ररीवाल्यांनी सायलेंट स्टेज नावाची जागा खास कोरडं रेकॉर्डिंग करायला बांधली होती, खोली तुमची तुम्ही घाला असा हिशोब. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत, भांडण लागतं ते दोन्ही एका गाण्यात बसवल्या की. बंड्याने नेमकं तेच केलं होतं आणि त्याचं कारणही साधं, ज्या लायब्रऱ्या सेलमध्ये मिळाल्या त्या घेतल्या.

अडचण काय होती

पहिलं व्हर्जन ऐकून दिग्दर्शिका ताई म्हणाल्या, "अरे, ही सगळी माणसं एकमेकांना ओळखत नाहीत असं वाटतंय. तंतुवाद्यं हॉलमध्ये आहेत, ते सनईसारखं काय आहे ते माझ्या कानात शिरून वाजतंय, आणि व्हायोलिन कपाटात बसलंय." यापेक्षा नेमकं निदान मी तरी केलं नसतं. व्हायोलिन खरंच दोन कपाटांच्या मधे रेकॉर्ड झालेलं, हे त्यांना माहीतही नव्हतं.

बंड्याने मग आपण सगळेच पहिल्यांदा करतो ते केलं, मास्टरवर, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र आवाजावर, एक रिव्हर्ब (खोलीचा घुमार घालणारं प्लगिन) टाकला, 'लार्ज हॉल', २.८ सेकंद. एका रिव्हर्बमध्ये सगळे बुडवले की सगळे एका खोलीत येतील ही कल्पना. झालं काय, तर स्ट्रिंग्ज आधीच एका हॉलमध्ये होत्या, त्या आता हॉलमधल्या हॉलमध्ये गेल्या, ओबो तरीही पुढेच राहिला फक्त मागे त्याला एक ढग चिकटला, आणि व्हायोलिन कपाटासकट हॉलमध्ये उचलून नेल्यासारखं झालं. ताईंचा दुसरा शेरा: "आता सगळे विहिरीत पडलेत." तेव्हा त्याने मला फोन केला. मी मिक्सिंग करतो, आणि असल्या विहिरींतून लोकांना बाहेर काढण्यातच माझी बरीच वर्षं गेलीयत.

मी आधी सगळा रिव्हर्ब बंद केला आणि एकेक ट्रॅक सोलो करून ऐकला. एक गोष्ट अपेक्षित होती, खोल्या वेगळ्या आणि अंतरंही वेगळी. दुसरी मात्र नव्हती. तिसऱ्या क्यूच्या शेवटी स्ट्रिंग्जचा एक मोठा कॉर्ड (एकदम वाजणारे सूर) आहे, तो सुटला की हॉलची शेपटी मागे राहायला पाहिजे, इथे ती येतायेता मधेच मरत होती, कोणीतरी दार लावून घेतल्यासारखी. पाच-सहा वेळा ऐकलं. आधी वाटलं लॅपटॉप दमतोय, व्हॉइस लिमिट (एकावेळी वाजणाऱ्या सुरांची मर्यादा) लागून सँपल कापले जातायत, तेही होतं कधीकधी. पण मिडी, म्हणजे कुठला सूर कधी आणि कसा वाजवायचा याच्या सूचना, उघडून बघितलं तर प्रत्येक फ्रेजच्या शेवटी सीसी ११, म्हणजे एक्स्प्रेशन, आवाज कमी-जास्त करणारी सूचना, सुबक उतार करून शून्यावर आणलेलं. बंड्या म्हणाला, "अरे, शेवटी खरखर राहू नये म्हणून मी सगळीकडे तसं करतो."

आता ड्राय लायब्ररीत हे चालून जातं, कारण तिथे एक्स्प्रेशन फक्त वाद्याचा आवाज कमी करतं आणि खोली पुढे सेंडवर, म्हणजे आवाजाची प्रत जिथे पाठवतो त्या वेगळ्या रिव्हर्बवर, बसलेली असते. वेट लायब्ररीत खोली सँपलच्या आतच असते, त्यामुळे एक्स्प्रेशन खाली ओढलं की वादकाबरोबर भिंतीसुद्धा हळू होतात. खऱ्या जगात वादक थांबला म्हणून भिंती थांबत नाहीत. आपल्याला हे कळत नाही, पण कानाला कळतं, आणि मग "काहीतरी खोटं वाटतंय" असं माणूस म्हणतो आणि आपण रिव्हर्ब आणखी वाढवत बसतो.

पर्याय काय काय होते

सगळ्या वाद्यांची एकाच जागी रेकॉर्ड झालेली लायब्ररी विकत घेणं हा सगळ्यात सरळ पर्याय. पैसे नव्हते, विषय संपला. अर्थात नवीन माणूस मला विचारत असेल तर मी हेच सांगीन की सुरुवात एकाच घरच्या लायब्ररीने कर, स्वस्तातली छोटी घे पण एका घरची घे.

दुसरा पर्याय, स्ट्रिंग्जमधली खोली काढून टाकायची आणि सगळ्यांना नवीन खोलीत न्यायचं. डी-रिव्हर्ब प्लगिन लावून बघितलं, संवादावर ते बरं काम करतं, पण ४०-५० व्हायोलिन-चेलोंच्या एकत्र आवाजावर लावल्यावर सुरांच्या कडा खरवडून निघाल्यासारख्या झाल्या. साखर घातलेल्या चहातून साखर काढायचाच प्रकार तो. दहा मिनिटांत सोडून दिलं.

तिसरा पर्याय बंड्याच्या डोक्यातून आला आणि त्यात आमचा एक अख्खा दिवस गेला. त्याचं म्हणणं, आपण आपला स्वतःचा इम्पल्स रिस्पॉन्स (आयआर) काढू. म्हणजे खऱ्या हॉलमध्ये एक छोटा धमाका करायचा, हॉल त्याला जे उत्तर देतो ते रेकॉर्ड करायचं, आणि कॉन्व्होल्यूशन रिव्हर्बमध्ये ते भरलं की कुठलंही वाद्य त्या हॉलमध्ये वाजल्यासारखं होतं. कल्पना चांगलीच आहे, प्रश्न हॉलचा. त्याच्या काकांच्या ओळखीचं एक मंगल कार्यालय होतं, दोन लग्नांच्या मधल्या दिवशी दुपारी मिळालं. आम्ही १२ फुगे आणि एक हँडी रेकॉर्डर घेऊन गेलो. जमिनीवर अक्षता, पाय टाकला की करकर, कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांचे मनोरे, मागे मुदपाकखान्यात भांडी घासणं चालू. वॉचमन काकांनी फुगे बघून विचारलं, "वाढदिवस कुणाचा?" काय सांगणार, बंड्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

पहिला फुगा फुटला आणि दोन गोष्टी कळल्या. एक, खुर्च्यांचे मनोरे वाजतात. दोन, दोन उघड्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाज टर्रर्र करत इकडून तिकडे धावतो, फ्लटर एको म्हणतात तो. भिंतींमधलं अंतर साधारण १० मीटर होतं, आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे दर २९ मिलिसेकंदाला एक टप्पा, आणि तो चक्क मोजता येत होता. घरी येऊन ओबो त्यात टाकला तर ओबो हॉलमध्ये वाजतोय असं वाटेना, ओबोची कॅसेट कार्यालयाच्या कर्ण्यावर लावलीये असं वाटायला लागलं. शिवाय फुग्यात खालचे सूर नीट येत नाहीत आणि प्रत्येक फुगा वेगळा फुटतो. नीट काढायचं तर २० हर्ट्झपासून २० हजारपर्यंत चढत जाणारा स्वीप मोठ्या स्पीकरवर वाजवून मग तो उलगडायचा, अँजेलो फरीनांची २००० सालची पद्धत, आज सगळे तेच करतात आणि रीपरच्या ReaVerb नावाच्या प्लगिनमध्ये उलगडायची सोय पण आहे. पण स्वीप कितीही चांगला असला तरी कार्यालय कार्यालयच राहणार ना.

इथे थोडं विषयांतर. खोलीचा गुंजनकाळ, म्हणजे आवाज ६० डीबीने (डेसिबलने) पडायला लागणारा वेळ, हा ०.१६१ गुणिले घनफळ भागिले एकूण शोषण असा काढतात. हार्वर्डच्या वॉलेस सॅबिनने १८९५ पासून एका वाईट लेक्चर हॉलमध्ये रात्री-अपरात्री जवळच्या थिएटरातल्या गाद्या वाहून आणून, ऑर्गनचा पाइप आणि स्टॉपवॉच घेऊन हे शोधलं, आणि त्यावरून १९०० साली बोस्टनचा सिम्फनी हॉल उभा राहिला. आमच्या कार्यालयाचं घनफळ धरा १८ गुणिले १० गुणिले ५ म्हणजे ९०० घनमीटर, फरशी, प्लॅस्टर, काचा, शोषण अंदाजे ४० चौरस मीटर, म्हणजे ३.६ सेकंद. लग्नाच्या दिवशी ३०० माणसं, माणसामागे अर्धा चौरस मीटर धरला तर शोषण १९० आणि गुंजनकाळ पाऊण सेकंद. म्हणजे ज्या हॉलमध्ये लग्नाच्या दिवशी मंगलाष्टकं बऱ्यापैकी स्पष्ट ऐकू येतात तोच हॉल रिकामा असताना विहीर. आम्ही रिकामा हॉल मोजायला गेलो हीच मुळात गंमत, ३०० पाहुणे गप्प बसवून फुगा कोण फोडू देणार होतं म्हणा.

चौथा पर्याय मी मांडला आणि तोच धरला. जी खोली काढता येत नाही ती घरमालक. स्ट्रिंग्जची खोली काढता येत नाही, म्हणजे घर त्यांचं. बाकीच्यांनी भाडेकरू म्हणून त्या घरात राहायला यायचं, घराच्या नियमाने. त्यामुळे प्रश्नच बदलला. "चांगला रिव्हर्ब कुठला" हा प्रश्न गेला आणि "या खोलीसारखा आवाज कसा काढायचा" एवढंच उरलं, आणि त्याचं उत्तर मोजता येतं.

काय केलं

पहिलं काम घराची मापं घेणं. स्ट्रिंग्जचा एक जोरदार स्टॅकॅटो (तुटक) कॉर्ड आणि पुढे चार सेकंद शांतता असं रेंडर केलं आणि मीटर बघत बसलो. शेपटी ३० डीबी पडायला साधारण ०.८ सेकंद, म्हणजे ६० ला १.६. बंड्याचा प्रीसेट होता २.८ चा! विहिरीचं अर्धं कारण इथेच सापडलं.

मग सीसी ११. सगळ्या क्यूमधल्या स्ट्रिंग्ज आणि ब्रासच्या फ्रेजच्या शेवटचे उतार काढले, आवाज कमी-जास्त करायचं काम मॉड व्हीलच्या (कीबोर्डवरच्या चाकाच्या) डायनॅमिक्सवर, म्हणजे वादक हळू वाजवतो की जोरात यावर, नेलं, आणि एक्स्प्रेशन ९० ते ११० च्या मधे जवळपास स्थिर ठेवलं. कंटाळवाणं काम, पावणेतीन तास. पण ते झाल्यावर एकही रिव्हर्ब नसताना स्ट्रिंग्ज एकदम श्वास घ्यायला लागल्या, बंड्या नुसता "आयला" म्हणाला आणि चहा टाकायला गेला.

आता भाडेकरू, म्हणजे वुडविंड्स. ड्राय लायब्ररीचा ओबो स्टिरिओत इतका रुंद असतो की एकटा ओबो डावीकडून उजवीकडे पसरलेला, सोफ्यावर आडवं झाल्यासारखा. आधी त्याची रुंदी खूप कमी केली, जवळपास मोनो, मग स्ट्रिंग्जच्या मागे जिथे तो बसतो तिथे मध्यापासून किंचित बाजूला पॅन केला. वरची धार, ६ किलोहर्ट्झच्या वर, ३ डीबीने उतरवली, कारण मायक्रोफोन तोंडाशी असताना जी फुसफुस आणि कळांची टकटक येते ती दहा मीटरवरून येत नाही.

यापुढचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि मलाही हे कळायला बरीच वर्षं लागली. माणूस लांब आहे हे कानाला शेपटीवरून कमी कळतं, सरळ येणारा आवाज आणि भिंतीवरून आलेली पहिली उत्तरं यांच्या मधल्या वेळावरून जास्त कळतं. कल्पनेतला एक स्टेज घ्या, २० मीटर रुंद, मायक्रोफोन मध्ये, मागची भिंत मायक्रोफोनपासून १४ मीटरवर. सोलो वादक मायक्रोफोनपासून ३ मीटरवर असेल तर त्याचा सरळ आवाज ९ मिलिसेकंदात पोचतो आणि बाजूच्या भिंतीवरून फिरून येणारा साधारण ५९ मध्ये, मधे ५० मिलिसेकंदांची फट. टिंपानी (ऑर्केस्ट्रातले मोठे नगारे) १२ मीटरवर, मागच्या भिंतीपासून २ मीटरवर. सरळ आवाज ३५ मिलिसेकंद आणि मागच्या भिंतीचा ४७, फट फक्त १२ ची. (जमीन सगळ्यात आधी उत्तर देते, ती इथे सोडून दिलीय.) म्हणजे लोक लांब न्यायचं म्हणून प्री-डिले, म्हणजे रिव्हर्बमधली हीच फट, वाढवतात ते बरोबर उलटं आहे, प्री-डिले वाढवला की वाद्य जवळ येतं आणि खोली मोठी वाटते. बंड्याने ओबोला ६० मिलिसेकंद दिला होता, मागे जावा म्हणून!

तर वुडविंड्सच्या बसवर (सगळ्या वुडविंड्सचा आवाज जिथे एकत्र येतो त्या ट्रॅकवर) एका स्कोअरिंग स्टेजचा तयार आयआर घेतला, त्यातले फक्त पहिले ८० मिलिसेकंद ठेवले, बाकी शेपटी कापली. यॉर्क विद्यापीठाच्या ओपनएअर संग्रहात असे खऱ्या जागांचे आयआर फुकट मिळतात, कोणाला करून बघायचं असेल तर. प्री-डिले शून्य ते पाच मिलिसेकंद. मग ओबोचा सरळ आवाज ६ डीबी खाली घेतला आणि उत्तरं तशीच ठेवली. अंतर दुप्पट झालं की सरळ आवाज ६ डीबीने पडतो, खोलीचा आवाज मात्र खोलीभर साधारण सारखाच असतो, म्हणून हे एवढंच केलं की ओबो खरंच उठून मागच्या खुर्चीवर जाऊन बसतो. फेडर ओढताना डोळे मिटून ऐकलं तर चालत जाताना ऐकू येतो, मी नवीन लोकांना हीच एक गोष्ट आधी करायला लावतो. वरच्या स्टेजची उंची १२ मीटर आणि लांबी २४ धरली, तर १.६ सेकंदांच्या गुंजनकाळाला वाद्यापासून साडेतीन मीटरच्या आसपास सरळ आवाज आणि खोलीचा आवाज समसमान होतात. त्याच्या पलीकडे खोलीचंच राज्य. आपण मात्र प्लगिनमध्ये रिव्हर्ब १५ टक्के ठेवून ऑर्केस्ट्रा मागे का जात नाही म्हणून रडतो.

शेपटी वेगळ्या बसवर, अल्गोरिदमिक रिव्हर्ब, १.६ सेकंद. सेंडवर खालचं ३०० हर्ट्झपर्यंत आणि वरचं ७ किलोहर्ट्झच्या पुढचं कापलं, अ‍ॅबी रोड स्टुडिओची जुनी युक्ती, ते ६०० आणि १० हजारवर कापायचे, आपल्या गाण्याप्रमाणे ठरवायचं. मग क्लॅरिनेटचा एक स्टॅकॅटो आणि स्ट्रिंग्जचा एक स्टॅकॅटो आलटून पालटून वाजवले, शेपट्या जुळेपर्यंत. पहिल्यांदा आमची शेपटी खालच्या सुरांत लांबत होती, ती आखूड केली. स्ट्रिंग्जना हीच शेपटी अगदी चिमूटभर पाठवली, मिठासारखी, आणि पहिली उत्तरं अजिबात नाही कारण ती त्यांच्या आत होतीच. ब्रासला काही नाही. हॉर्नची तोंडं तशीही मागे असतात, तो आवाज मुळात भिंतीवरूनच येतो, त्यात आपण लुडबुड केली की बिघडतं.

ओबो-क्लॅरिनेट तरीही जरा वेगळे वाटत होते, आणि तो दोष रिव्हर्बचा नव्हता. सगळ्या नोट्स ग्रिडवर चिकटवलेल्या, तिघंही एका मिलिसेकंदात सुरू होणारे. हाताने थोडं मागेपुढे केलं. मशीनगन कुठल्याही हॉलमध्ये नेली तरी मशीनगनच.

व्हायोलिनवर सगळ्यात जास्त वाद झाला. गोधड्यांनी वरचे सूर खाल्ले होते आणि खालचे तसेच सोडले होते, गोधडीची तेवढीच ताकद, त्यामुळे ३०० हर्ट्झच्या आसपास ती कपाटाची बोंब. ३ डीबी काढली, बरं झालं, पूर्ण गेलं नाही. मग मी शास्त्राप्रमाणे व्हायोलिनवाल्या ताईंना पहिल्या व्हायोलिनवादकाच्या खुर्चीवर नेऊन बसवलं, अंतर, उत्तरं, शेपटी सगळं घराच्या नियमाने. मला फार आवडलं. दिग्दर्शिका ताईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे रे, पण ती माझ्यापासून लांब का गेली?" बंड्या माझ्याकडे बघून गालात हसला, त्याचं आधीपासून तेच म्हणणं होतं.

इथे निर्णय घ्यावा लागला की खरं म्हणजे कशासारखं खरं. तिकीट काढून दहाव्या रांगेत बसल्यासारखं, की सिनेमातल्यासारखं. खऱ्या रेकॉर्डिंगमध्येसुद्धा वरती तीन मायक्रोफोनचं डेक्का ट्री असतं आणि शिवाय सोलोच्या समोर एक जवळचा मायक्रोफोन असतोच, म्हणजे जवळ आणि त्याच खोलीत हे दोन्ही एकदम असणं काही पाप नाही. तेव्हा व्हायोलिन जवळ आणलं, पहिली उत्तरं नावापुरती, प्री-डिले ४० मिलिसेकंद, शेपटी मात्र तीच सगळ्यांची. मींड घेताना बोटाचा आवाज येतो तोही ठेवला.

शेवटची भानगड संवादाची. चौथ्या क्यूनंतर लगेच हेडमास्तर अगदी हळू एक वाक्य बोलतात आणि आमची शेपटी त्याच्यावर सांडत होती. बंड्या म्हणाला, त्या जागी शेपटी छोटी करू. करून बघितली, तर त्या एका क्यूत ऑर्केस्ट्रा घर बदलून आल्यासारखा वाटला. मग शेवटची नोटच अर्धा सेकंद आधी सोडली, शेपटीला पडायला जागा मिळाली आणि वाक्य स्वच्छ आलं. सीनलासुद्धा ते जास्त शोभलं, असं ताईंचं मत.

निकाल

तिसरं व्हर्जन पास झालं. तपासायला आमच्याकडे एक घरगुती परीक्षा होती, बंड्याच्या बहिणीला डोळे मिटून बसवलं आणि ओबो वाजला की बोट दाखव म्हणलं. पहिल्या व्हर्जनला तिने स्वतःच्या नाकाकडे बोट केलं होतं, या वेळी समोर, लांब, किंचित डावीकडे. संगीतातलं तिला काही कळत नाही, म्हणूनच तिला बसवलं.

सगळं उत्तम झालं असं नाही. फिल्म एका छोट्या हॉलमध्ये दाखवली तेव्हा हॉलचा स्वतःचा आवाज वर चढला आणि सहावा क्यू परत जरा पातळ चिखल झाला. फोनच्या एका स्पीकरवर वुडविंड्सची खोली निम्मी गायब होते, मोनोत ती आपापसात कापली जाते, हे आम्ही शेवटच्या दिवशी तपासलं, तोपर्यंत स्टेम्स (वाद्यगटांचे वेगवेगळे तयार ट्रॅक) गेलेले. आणि कपाट अजून ऐकू येतं, मला तरी.

परत केलं तर

व्हायोलिन बेडरूममध्ये रेकॉर्ड करणार नाही. एखाद्या शाळेचं सभागृह सुट्टीत दोन तास मिळालं असतं, भले पंख्यांची घरघर आली असती. लहान खोलीची उत्तरं पाच-सात मिलिसेकंदांत येतात आणि ती सुरात चिकटून बसतात, मोठ्या खोलीत टाकलं तरी निघत नाहीत.

मोजणी पहिल्या दिवशी करीन. स्टॅकॅटो कॉर्ड रेंडर करायला दोन मिनिटं लागतात, आणि ती दोन मिनिटं न दिल्यामुळे बंड्याचे दोन आठवडे प्रीसेट बदलण्यात गेले. मिडी मी प्लगिनच्या आधी उघडीन, मोनो रोज एकदा ऐकीन, आणि दाखवायचा हॉल आधी माहीत असेल तर शेपटी दोनतीन डीबी कमी ठेवून वेगळी प्रिंट देईन.

मंगल कार्यालयाच्या दिवसाबद्दल आमचं अजून एकमत नाही. मी म्हणतो वाया गेला. बंड्या म्हणतो नाही गेला, कारण फिल्ममध्ये एक लग्नाचा फ्लॅशबॅक आहे आणि तिथे मागे माइकवरून "पाहुण्यांनी जेवायला बसून घ्यावं" असं जे ऐकू येतं, ते बंड्याने स्वतः बेडरूममध्ये बोलून आमच्या सातव्या फुग्यातून पास केलेलं आहे, खुर्च्यांच्या खडखडाटासकट, आणि ते कार्यालय कुठलं म्हणून ताईंनी दोनदा विचारलंय.